व्हिडिओ संपादनात मेमरी भरते तेव्हा आधी कोणती मेमरी भरली ते पाहावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्नाच्या चित्रीकरणाचे संपादन तुम्ही अडोबीच्या प्रीमियर प्रो या सॉफ्टवेअरमध्ये करत आहात. दोन कॅमेऱ्यांचे ४के फुटेज, थोडे ड्रोनचे, काही नातेवाइकांनी मोबाइलवर टिपलेल्या क्लिप्स आणि शेवटच्या गाण्यासाठी छायाचित्रकाराने दिलेले तीनेकशे फोटो, हे सगळे एकाच टाइमलाइनवर आहे. विंडोजच्या संगणकात १६ जीबी रॅम आणि ६ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आहे. तासाभरात टास्क मॅनेजर मेमरीचा वापर ९० टक्क्यांच्या वर दाखवतो, प्लेबॅक अडखळू लागतो आणि एक्स्पोर्ट निम्म्यावर पोहोचला की मेमरी अपुरी असल्याचा संदेश देऊन प्रोग्राम बंद पडतो. रॅम ३२ जीबी करावी, की सॉफ्टवेअरमध्येच मेमरी गळते आहे (म्हणजे घेतलेली मेमरी ते काम झाल्यावरही परत करत नाही), असे तुम्ही विचारले आहे.

रॅम वाढवण्याची वेळ कदाचित येईलही. ४के कामासाठी ३२ जीबी किंवा त्याहून अधिक रॅम असावी, अशी अडोबीची स्वतःचीच शिफारस आहे, त्यामुळे तुमचा संगणक मुळातच काठावर आहे. मात्र ९० टक्के हा आकडा एकट्याने काहीच सिद्ध करत नाही. शिवाय ज्या कारणांनी १६ जीबी भरते, त्यातली काही कारणे ३२ जीबीही तितक्याच निवांतपणे भरून टाकतात. म्हणून खर्च करण्याआधी संगणकातली नेमकी कोणती मेमरी संपते आणि ती कोण संपवते, हे तपासून घ्यावे.

आधी थोडा हिशेब पाहू. डिस्कवर व्हिडिओ कॉम्प्रेस केलेला असतो, पण रंग सुधारायचा, आकार बदलायचा किंवा दोन थर एकमेकांवर बसवायचे, तर प्रत्येक फ्रेम पूर्ण उलगडून मेमरीत ठेवावी लागते. ३८४० × २१६० या आकाराच्या एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता अशा चार वाहिन्यांसाठी प्रत्येकी एक बाइट धरला, तरी एक फ्रेम सुमारे ३३ एमबी होते. रंगाची अचूकता टिकवण्यासाठी बरेच इफेक्ट ३२ बिट फ्लोट पद्धतीने गणित करतात, आणि त्या पद्धतीत तीच फ्रेम चौपट, म्हणजे सुमारे १३३ एमबी जागा घेते. सेकंदाला २५ फ्रेम्स या वेगाने एकाच थराचा एक सेकंद म्हणजे ३.३ जीबी. तुमच्या टाइमलाइनवर दोन कॅमेरे, वर शीर्षक आणि त्यावर एखादा प्रकाशाचा थर असेल, तर प्रोग्राम काही क्षणांच्याच फ्रेम्स हाताशी ठेवू शकतो. डिस्कवर फाइल फक्त ४०० एमबीची आहे, मग एवढी मेमरी कशाला लागते, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर हेच, की फाइलच्या आकाराचा आणि उलगडलेल्या फ्रेमच्या आकाराचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो.

उलगडलेल्या फ्रेम्स पुन्हा लागतील म्हणून प्रोग्राम त्या मुद्दाम राखून ठेवतो. रिकामी रॅम कोणाच्याच उपयोगाची नसते, त्यामुळे परवानगी असेल तिथपर्यंत ती वापरणे हे संपादनाच्या सॉफ्टवेअरचे अपेक्षित वर्तन आहे. ही परवानगी किती असावी, हे प्रीमियरमध्ये 'प्रेफरन्सेस' मधील 'मेमरी' या पानावर ठरते. इतर प्रोग्रामसाठी किती रॅम राखून ठेवायची, तो आकडा तिथे असतो. प्रीमियरला जास्त मिळावी म्हणून अनेक जण तो आकडा खाली आणतात. १६ जीबीच्या संगणकावर हा सल्ला उलटा पडतो, कारण विंडोज, ग्राफिक्सचा ड्रायव्हर आणि ब्राउझर यांना उरलेल्या तुकड्यात भागवता येत नाही, आणि मग पेज फाइलशी, म्हणजे रॅम कमी पडल्यावर विंडोज डिस्कवरची जी जागा वापरते तिच्याशी, देवाणघेवाण सुरू होते. तुमच्या बाबतीत इतरांसाठी ५ ते ६ जीबी राखून पाहावेत. आकडा वाढवल्यावर प्लेबॅक सुधारला, तर दोष प्रीमियरच्या भुकेत नसून उपाशी राहिलेल्या विंडोजमध्ये होता असे समजावे. डाविंची रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांना हीच सोय 'मेमरी अँड जीपीयू' या पानावर मिळते, आणि तिथे फ्यूजन या त्यातल्या इफेक्ट्सच्या भागाच्या कॅशेची, म्हणजे राखून ठेवलेल्या फ्रेम्सच्या साठ्याची, मर्यादा वेगळी लावता येते.

आता निदानाकडे वळू. 'मेमरी भरली' या दोन शब्दांमागे तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिली म्हणजे प्रत्यक्ष रॅम. ती भरली की संगणक मंदावतो, पण सहसा प्रोग्राम बंद पडत नाही. 'रिसोर्स मॉनिटर' मध्ये मेमरीच्या पानावर 'हार्ड फॉल्ट्स' चा, म्हणजे हवी ती माहिती रॅममध्ये नसल्याने डिस्कवरून किती वेळा आणावी लागली याचा, आलेख असतो. काम करताना तो सतत उंच राहत असेल, तर रॅमची टंचाई खरी आहे. वापर ९२ टक्के असूनही हा आलेख जमिनीलगत असेल, तर त्या ९२ टक्क्यांची काळजी सोडून द्यावी.

दुसरी गोष्ट कमिट. विंडोज प्रोग्रामांना जी मेमरी देण्याचे वचन देते, त्या एकूण वचनाला मर्यादा असते, आणि ती मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेज फाइल. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' पानावर 'कमिटेड' या नावाखाली दोन आकडे तिरक्या रेघेने वेगळे करून दिलेले असतात. पहिला आकडा दुसऱ्याला भिडला, की प्रोग्रामची पुढची मागणी नाकारली जाते आणि प्रोग्राम तिथेच कोसळू शकतो, मग रॅममध्ये तेव्हा दोन जीबी मोकळी दिसत असली तरीही. एक्स्पोर्टच्या मध्यात येणारा तुमचा संदेश बहुधा याच जागेचा आहे. पेज फाइल बंद करा, संगणक वेगवान होईल, हा जुना सल्ला अजून फिरत असतो. तो पाळलेल्या संगणकावर मर्यादा फक्त रॅमइतकी उरते आणि संपादनाचे सॉफ्टवेअर पहिला बळी ठरते. पेज फाइल विंडोजच्या ताब्यात, स्वयंचलित आकारावर आणि शक्यतो एसएसडीवर ठेवावी, आणि त्या ड्राइव्हवर निदान ४०–५० जीबी जागा मोकळी असावी. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल तर पेज फाइल वाढूच शकत नाही, आणि डिस्कच्या टंचाईचा दोष रॅमवर जातो.

तिसरी गोष्ट ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी, म्हणजे व्हीआरॅम. टास्क मॅनेजरच्या जीपीयू पानावर 'डेडिकेटेड' आणि 'शेअर्ड' असे दोन वेगळे आलेख असतात. तुमचे ६ जीबी भरले, की ड्रायव्हर उरलेला भार शेअर्ड मेमरीवर टाकतो, आणि ती शेअर्ड मेमरी म्हणजे दुसरे काही नसून तुमचीच रॅम असते. त्यामुळे कधी कधी वाढ रॅममध्ये दिसते आणि मूळ टंचाई कार्डात असते. याची खात्री करायची असेल, तर प्रोजेक्ट सेटिंगमध्ये रेंडरर तात्पुरता 'सॉफ्टवेअर ओन्ली' वर ठेवून तोच अवघड भाग एक्स्पोर्ट करून पाहावा. वेळ पुष्कळ लागेल, पण एक्स्पोर्ट पूर्ण झाला तर संशय कार्डाच्या मेमरीवर स्थिरावतो. स्वतंत्र कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स आणि प्रोसेसर एकाच रॅमवर जगतात, म्हणून तिथे १६ जीबीतला काही भाग सुरुवातीलाच वजा धरावा.

मॅकवर 'ॲक्टिव्हिटी मॉनिटर' मधील मेमरी प्रेशरचा रंग पाहावा, वापराचा आकडा पाहू नये. हिरवा असेपर्यंत चिंता नाही, लाल झाला तर आहे. लिनक्सवर केडेनलाइव्ह किंवा रिझॉल्व्ह वापरत असाल तर 'अव्हेलेबल' हा रकाना महत्त्वाचा, 'फ्री' नव्हे. तिथे मेमरी खरोखर संपली की कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच सर्वांत जड प्रक्रिया मारून टाकतो, त्यामुळे कोणताही संदेश न येता संपादनाची खिडकी एकाएकी नाहीशी होते.

मेमरी गळते आहे का, हा तुमचा दुसरा प्रश्न मोजल्याशिवाय सुटणार नाही. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' पानावर 'कमिट साइझ' हा रकाना चालू करावा. संगणक नव्याने सुरू करून रिकामा प्रोजेक्ट उघडावा आणि आकडा टिपावा, मग तुमचा प्रोजेक्ट उघडून काहीही न चालवता टिपावा, नंतर टाइमलाइनचा एकच दोन मिनिटांचा भाग पुन्हा पुन्हा चालवून प्रत्येक फेरीनंतर टिपावा. पहिल्या काही फेऱ्यांत आकडा चढतो आणि मग एका पातळीवर थबकतो, हे कॅशेचे लक्षण आहे आणि ते निरोगी आहे. तोच भाग, तेच काम, आणि तरीही प्रत्येक फेरीला आकडा पायरीपायरीने चढतच राहिला, आणि प्रोजेक्ट बंद करून प्रोग्राम तसाच उघडा ठेवल्यावरही खाली आला नाही, तर गळती म्हणायला आधार मिळतो. गळतीचा माग काढताना प्रथम बाहेरचे प्लगइन आणि पॅनेल काढून ठेवावेत. माझ्या पाहण्यात मूळ प्रोग्रामपेक्षा आवाज शुद्ध करणारे, त्वचा उजळ करणारे आणि झगमगती ट्रान्झिशन्स देणारे जुन्या आवृत्तीचे प्लगइनच अधिक वेळा दोषी निघतात. त्यानंतर ग्राफिक्सचा ड्रायव्हर पाहावा. ड्रायव्हर नवा घेणे हा नेहमीचा सल्ला आहे, पण नव्या ड्रायव्हरनंतरच त्रास सुरू झाला असेल तर मागच्या आवृत्तीवर परत जाण्यात कमीपणा नाही.

आता सामग्रीकडे पाहू, कारण मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडते. तुमचे कॅमेरे, ड्रोन आणि मोबाइल बहुधा एच.२६४ किंवा एचईव्हीसी या पद्धतीने चित्रीकरण करत असतील. या पद्धतींत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अर्ध्या-एक सेकंदाच्या अंतराने एक पूर्ण फ्रेम असते आणि मधल्या फ्रेम्समध्ये फक्त आधीच्या किंवा पुढच्या फ्रेमशी असलेला फरक नोंदवलेला असतो. मधली एक फ्रेम दाखवायची, तरी प्रोग्रामला मागच्या पूर्ण फ्रेमपासून गणित करत यावे लागते आणि शेजारच्या अनेक फ्रेम्स मेमरीत धरून ठेवाव्या लागतात. टाइमलाइनवर उलटे, म्हणजे उजवीकडून डावीकडे सरकून पाहा, अडखळणे लगेच वाढेल. मल्टिकॅमच्या खिडकीत दोन्ही कॅमेऱ्यांचे प्रवाह एकाच वेळी उलगडले जातात, म्हणून भार दुप्पट होतो. कॅमेऱ्यांची निवड पक्की झाली, की ते सीक्वेन्स फ्लॅटन करून टाकावेत, म्हणजे फक्त निवडलेल्या क्लिप्स उरतात.

याचा खात्रीचा उपाय प्रॉक्सी हाच आहे. संपादनाच्या काळात ४केऐवजी १९२० × १०८० किंवा त्याहून लहान आकाराची, प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवणारी प्रत वापरावी. अॅपलचे प्रोरेस ४२२ प्रॉक्सी हे त्यासाठी सोयीचे रूप आहे. फुल एचडीमध्ये सेकंदाला २५ फ्रेम्स धरल्या तर त्याला तासाभराच्या फुटेजसाठी साधारण १७ जीबी जागा लागते. फ्रेमचा आकार चौथाई झाला की मेमरीची गरजही त्याच प्रमाणात उतरते. जागा वाचवण्यासाठी प्रॉक्सीही एच.२६४ मध्येच करण्याचा मोह होतो. त्याने फ्रेमचा आकार घटतो, पण मागेपुढे गणित करण्याचे ओझे तसेच राहते, म्हणून डिस्कवर जागा असेल तर तो टाळावा. मोबाइलच्या क्लिप्सचा फ्रेमदर बऱ्याचदा बदलता असतो, आणि त्यामुळे ओठ व आवाज यांचा मेळ बिघडतो. त्या हँडब्रेकसारख्या साधनातून स्थिर फ्रेमदरात बदलून मगच प्रोजेक्टमध्ये आणाव्यात. मात्र प्रीमियर एक्स्पोर्ट करताना सहसा मूळ ४के फाइलींकडेच परत जातो. त्यामुळे प्रॉक्सी लावल्यावर संपादन सुरळीत झाले आणि एक्स्पोर्ट तरीही कोसळला, तर प्रॉक्सी व्यर्थ गेल्या असे समजू नये. एक्स्पोर्टचा उपाय वेगळा आहे आणि तो पुढे दिला आहे.

तुमच्या वर्णनात मला सर्वांत संशयास्पद वाटली ती गोष्ट म्हणजे ते तीनशे फोटो. २४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० × ४००० आकाराचा असतो. जेपीईजी म्हणून तो डिस्कवर १० एमबीचा दिसतो, पण उलगडल्यावर ९६ एमबी होतो, आणि ३२ बिट फ्लोटमध्ये ३८४ एमबी. ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा असेल तर उलगडलेला आकार सुमारे १८० एमबीवर जातो. त्याच पद्धतीने मोजलेली व्हिडिओची ४के फ्रेम याच्या जवळपासही नसते. अक्षता पडतानाचे वीस फोटो भराभर बदलत दाखवायचे आणि प्रत्येकाला हळूच झूम द्यायचा, हा लग्नाच्या व्हिडिओतला ठरलेला प्रकार. त्या दहा सेकंदांत प्रोग्रामला जवळजवळ दोन जीबी नुसत्या मूळ चित्रांसाठी लागतात, आणि झूम व अस्पष्टतेसाठीच्या मधल्या प्रती त्यावर वेगळ्या. एक्स्पोर्ट नेहमी निम्म्यावरच अडतो, असे तुम्ही लिहिले आहे. तो नेमका कोणत्या मिनिटाला अडतो ते पाहा. तिथे फोटोंचा भाग सुरू होत असेल, तर बाकीचे निदान करण्याची गरजच उरणार नाही.

उपाय सोपा आहे. सगळे फोटो लाइटरूम, गिंप किंवा इरफानव्ह्यूसारख्या साधनातून एका फटक्यात लहान करून घ्यावेत. अंतिम व्हिडिओ फुल एचडीत द्यायचा असेल तर लांब बाजू ३८४० पिक्सेलची पुरते, आणि त्यात दुपटीपर्यंत झूम करण्याची मोकळीकही राहते. ९६ एमबीचे चित्र त्यामुळे सुमारे ३९ एमबीवर येते. अंतिम व्हिडिओ ४के असेल तर बहुतेक फोटोंना तेवढाच आकार पुरेल आणि फक्त खोल झूमच्या मोजक्या फोटोंच्या मोठ्या प्रती ठेवाव्यात. मूळ फोल्डर बाजूला जपून ठेवावा आणि लहान प्रतींची नावे तीच ठेवून प्रोजेक्टमध्ये 'रिप्लेस फुटेज' करावे, म्हणजे केलेले काम वाया जात नाही. टाइमलाइनवर नुसते स्केल कमी केल्याने मेमरी वाचत नाही, कारण मूळ चित्र आधी पूर्ण उलगडले जाते आणि लहान नंतर होते.

इफेक्ट्सचा क्रम त्यानंतर लागतो. एका फ्रेमवर चालणारा साधा रंगबदल स्वस्त असतो. महाग असतात ते एका वेळी अनेक फ्रेम्स मागणारे, म्हणजे शेजारच्या फ्रेम्स तपासून कण काढणारे नॉइज रिडक्शन, ऑप्टिकल फ्लोने केलेले स्लो मोशन आणि वॉर्प स्टॅबिलायझर. वॉर्प स्टॅबिलायझरची आणखी एक सवय अशी, की त्याच्या विश्लेषणाची माहिती प्रोजेक्टच्या फाइलमध्येच साठते. पन्नास क्लिप्सना तो लावला की प्रोजेक्टची फाइल फुगते आणि उघडताना व स्वयंसेव्ह होताना तिचा त्रास जाणवतो. अशा क्लिप्सवर 'रेंडर अँड रिप्लेस' करावे, म्हणजे तयार झालेली क्लिप टाइमलाइनवर बसते आणि पुढे प्रत्येक वेळी ते गणित पुन्हा होत नाही. शीर्षकांसाठी आफ्टर इफेक्ट्सची रचना डायनॅमिक लिंकने जोडली असेल, तर त्याची प्रक्रिया खिडकी न दाखवता पार्श्वभूमीला चालू असते आणि त्याच रॅममध्ये वाटा मागते. 'डिटेल्स' पानावर ती दिसेल. तिथेही 'रेंडर अँड रिप्लेस' च लागू पडते.

एक्स्पोर्टसाठी 'मेमरी' पानावरील 'ऑप्टिमाइझ रेंडरिंग फॉर' हा पर्याय 'परफॉर्मन्स' वरून 'मेमरी' वर आणावा. वेळ थोडा वाढतो, पण एका वेळी हाती धरलेल्या फ्रेम्स कमी होतात. 'मॅक्सिमम रेंडर क्वालिटी' आणि 'मॅक्सिमम बिट डेप्थ' या चौकटी सगळ्यांनी सवयीने टिकलेल्या असतात. त्या दोन्ही मेमरी वाढवतात, आणि साध्या ८ बिट फुटेजच्या लग्नपटात त्यांचा फरक डोळ्यांना क्वचितच कळतो. तरीही एक्स्पोर्ट अडलाच, तर टाइमलाइनचे चार भाग करून प्रत्येक भाग प्रोरेस ४२२ किंवा त्यासारख्याच डीएनएक्सएचआर या रूपात वेगळा काढावा, मग नव्या सीक्वेन्समध्ये ते चार भाग ओळीने लावून अंतिम एमपी४ बनवावी. चारांपैकी एकच भाग पुन्हा अडला, तर दोषी क्लिप तुमच्या हाती लागलीच म्हणायची.

दोन प्रचलित उपायांपासून दूर राहावे. मीडिया कॅशे पुसल्याने रॅम मोकळी होते, हा समज चुकीचा आहे, कारण तो कॅशे डिस्कवर असतो. तो पुसल्याने डिस्कवर जागा होते, बिघडलेली कॅशे फाइल असेल तर तीही जाते, पण पुढच्या वेळी प्रोजेक्ट उघडताना सगळे पुन्हा बनवावे लागते. आणि रॅम साफ करणारी जी साधने फुकट मिळतात, ती प्रोग्रामांच्या वापरातली पाने जबरदस्तीने बाहेर काढतात. आकडा क्षणात ९२ वरून ५० वर येतो, पाहणाऱ्याला बरे वाटते, आणि पुढच्याच क्षणी तीच पाने परत आणण्यासाठी संगणक धापा टाकू लागतो.

टास्क मॅनेजरमधल्या सगळ्या प्रक्रियांची बेरीज वापराच्या आकड्यापेक्षा बरीच कमी येत असेल, तर 'परफॉर्मन्स' पानावरील 'नॉन-पेज्ड पूल' कडे, म्हणजे विंडोज आणि ड्रायव्हर यांच्या डिस्कवर न हलवता येणाऱ्या मेमरीकडे, एक नजर टाकावी. तो काहीशे एमबीच्या आसपास असणे सामान्य आहे. दोन-चार जीबी दिसला तर एखादा ड्रायव्हर, बहुधा नेटवर्कचा किंवा सुरक्षा सॉफ्टवेअरचा, मेमरी धरून बसला आहे, आणि त्यात प्रीमियरचा काही दोष नाही. फुटेजचा फोल्डर क्लाउडशी सतत जुळवत ठेवणारा प्रोग्रामही संपादनाच्या वेळी थांबवावा.

एवढे करून हार्ड फॉल्ट्सचा आलेख उंचच राहिला, तर ३२ जीबी निःसंकोच घ्यावी. विकत घेण्याआधी मदरबोर्डवर किंवा लॅपटॉपमध्ये रॅमसाठी किती जागा आहेत आणि त्या डीडीआर४ च्या आहेत की डीडीआर५ च्या, ते पाहावे. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग दिलेली असते आणि ती बदलता येत नाही. जुन्या ८ जीबीच्या दोन पट्ट्यांशेजारी वेगळ्या वेगाच्या नव्या पट्ट्या बसवण्यापेक्षा एकाच संचातल्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, म्हणजे दोन्ही चॅनेल चालू राहतात. बसवल्यावर संपादन सुरू करण्याआधी एक रात्र मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे साधन चालवावे. त्यात एकही चूक निघाली, तर ती पट्टी त्याच आठवड्यात दुकानात परत करावी.